अविश्वसनीय घटकांतून विश्वसनीय यंत्र : क्वांटम संगणकाविषयीच्या एका आक्षेपाचा इतिहास

क्वांटम संगणकाचा इतिहास सांगण्याची एक रूढ पद्धत आहे. १९८१ साली रिचर्ड फाइनमन यांनी कल्पना मांडली, १९९४ साली पीटर शोर यांनी तिचा उपयोग दाखविला, आणि त्यानंतर दोन, सात, त्रेपन्न, एकशे पाच अशी क्यूबिटांची संख्या वाढत जाऊन आजची यंत्रे निर्माण झाली, असे त्या पद्धतीने सांगितले जाते. हा इतिहास खोटा नव्हे; परंतु तो राजांच्या वंशावळीसारखा आहे. कोण केव्हा गादीवर बसले हे त्यातून कळते, राज्य कसे चालले हे कळत नाही. प्रस्तुत लेखात निराळा मार्ग धरला आहे. या यंत्राविरुद्ध अगदी प्रारंभीच एक भक्कम आक्षेप घेतला गेला होता. त्या आक्षेपाचे पुढे काय झाले, एवढेच येथे पाहावयाचे आहे. लेखकाचा व्यवसाय भाषाशास्त्राचा असल्यामुळे पदार्थविज्ञानातील सिद्धता देण्याचा त्याला अधिकार नाही व तसा हेतूही नाही. परंतु संदेश बिघडतो कसा, आणि बिघडलेला संदेश ओळखावा कसा, हा प्रश्न भाषाशास्त्राच्याही अंगणातला आहे. आणि या इतिहासाचा आरंभ तेथूनच होतो.

'माझी धाकटी बहीण काल आली' हे साधे वाक्य घ्यावे. यात स्त्रीलिंगाची खूण एकदा नव्हे, तर 'माझी', 'धाकटी', 'बहीण' व 'आली' अशी चार ठिकाणी आहे. निव्वळ काटकसरीच्या दृष्टीने पाहिले तर यांपैकी तीन खुणा वायफळ होत. परंतु गर्दीत, वाऱ्यात अथवा खरखरणाऱ्या दूरध्वनीवर यांतील एखादे अक्षर गळाले, तरी ऐकणाऱ्याची फसगत होत नाही. उरलेल्या खुणा गळालेलीची जागा भरून काढतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या संदेशवहनाच्या गणिती उपपत्तीत या अतिरिक्ततेला मानाचे स्थान दिले, आणि सामान्य इंग्रजी लेखनात तिचे प्रमाण सुमारे निम्मे असावे असा अंदाज मांडला. गोंगाटाच्या मार्गावरूनही, योग्य प्रकारची अतिरिक्तता योजल्यास, चुकीचे प्रमाण हवे तितके कमी करता येते, हा त्यांच्या उपपत्तीचा गाभा होय.

शॅनन ज्या बेल प्रयोगशाळेत होते, तेथेच रिचर्ड हॅमिंग हे गणितज्ञ काम करीत होते. त्यांची गणिते रिलेवर चालणाऱ्या यंत्रावर शनिवार-रविवारी, माणसांच्या गैरहजेरीत होत. यंत्राला चूक झाल्याचे कळत असे. पण चूक कळताच ते ते गणित सोडून देई व पुढचे हाती घेई. सोमवारी येऊन पाहावे तो हाती काही नाही, असे हॅमिंग यांच्या वाट्याला आले. यंत्राला चूक झाली हे जर कळते, तर ती कोठे झाली हेही त्याला का कळू नये, असा प्रश्न त्यातून त्यांना पडला. १९५० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे उत्तर थोडक्यात असे : चार बिटांच्या मजकुरास तीन ताळ्याची बिटे जोडावयाची. प्रत्येक ताळा मजकुरातील ठरावीक बिटांचा सम-विषमपणा पाहतो. तीन ताळ्यांची उत्तरे मिळून आठ प्रकारची असू शकतात. त्यांपैकी एका प्रकाराचा अर्थ 'चूक नाही' आणि उरलेल्या सातांचा अर्थ सात स्थानांपैकी अमुक स्थानी चूक आहे, असा होतो. ज्या उत्तरसमूहावरून चुकीचे स्थान कळते त्याला पुढे वैद्यकातून उसना घेतलेला शब्द लावण्यात आला. आपण त्याला 'लक्षणसमूह' म्हणू. वैद्य रोग्याचे शरीर न फाडता लक्षणांवरून रोग ओळखतो. ही उपमा पुढे अनपेक्षित रीतीने उपयोगी पडावयाची होती.

येथे आपल्याकडील एका उदाहरणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. वेदपाठाच्या परंपरेत पदपाठाच्या पुढे क्रम, जटा, घन इत्यादी पाठ आहेत. क्रमपाठात पहिले व दुसरे पद, मग दुसरे व तिसरे, मग तिसरे व चौथे अशी जोडी चालते. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट व पुन्हा सुलट म्हटली जाते. अर्थाच्या दृष्टीने यात भर काहीच पडत नाही. परंतु एखादे पद गळाले वा त्याची जागा बदलली, तर शेजारच्या जोड्या विस्कटतात आणि चूक तत्काळ उघडी पडते. हस्तलिखितांच्या बाबतीत मार्ग वेगळा असतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे आपल्या परिचयाचे उदाहरण होय. तेथे एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती परस्परांशी ताडून पाठ निश्चित केला गेला. या दोन मार्गांतील फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. एका मार्गात प्रती अनेक लागतात. दुसऱ्यात एकाच पाठाच्या अंतर्गत शेजारसंबंध तपासले जातात. मात्र यावरून 'आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते' अशी आरोळी ठोकण्याचे कारण नाही. घनपाठ्यांजवळ बिनचूक पाठांतर होते. चुकीच्या संभाव्यतेचे गणित नव्हते.

शॅनन व हॅमिंग यांच्या विचारात एक गोष्ट गृहीत होती. संदेश वाटेत बिघडेल, पण तो तपासणारा बिघडणार नाही. जॉन फॉन नॉयमन यांनी हे गृहीतच काढून टाकले. १९५२ साली कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत दिलेल्या व्याख्यानांत, जी पुढे १९५६ साली छापली गेली, त्यांनी असा प्रश्न घातला, की यंत्राचा प्रत्येक घटक, तपासणी करणारा घटकसुद्धा, अधूनमधून चुकत असेल, तर अशा घटकांचे यंत्र विश्वसनीय होऊ शकेल काय? प्रश्न पोकळ नव्हता. १९४६ सालच्या एनिॲक या यंत्रात सतरा हजारांहून अधिक निर्वात नलिका होत्या आणि त्या वरचेवर निकामी होत. फॉन नॉयमन यांचे उत्तर होकारार्थी होते, पण सशर्त. प्रत्येक तार अनेक तारांच्या जुडग्याने बदलावी, बहुमताने निर्णय घ्यावा, आणि घटकाच्या चुकीचे प्रमाण एका मर्यादेच्या खाली असावे. ती मर्यादा पाळली तर एकंदर यंत्र घटकांपेक्षा कितीतरी अधिक विश्वसनीय करता येते. ओलांडली तर जुडगी कितीही जाड केली तरी व्यर्थ. परंतु या उत्तराचा खर्च मोठा होता, आणि तो करण्याची वेळच आली नाही. ट्रांझिस्टर आला, मागोमाग संकलित मंडले आली, आणि घटक स्वतःच इतके विश्वसनीय झाले की फॉन नॉयमन यांचा सिद्धांत सुमारे चाळीस वर्षे तात्त्विकांच्या कपाटात पडून राहिला.

आता क्वांटम संगणकाकडे वळू. साधे बिट शून्य किंवा एक असते. क्यूबिट, हा शब्द १९९५ साली बेंजामिन शूमाकर यांच्या लेखाने रूढ झाला, या दोहोंच्या अध्यारोपित अवस्थेत राहू शकते. शून्याचा किती अंश, एकाचा किती अंश, आणि त्या दोन अंशांतील कलासंबंध कोणता, हे सर्व मिळून त्याची अवस्था ठरते. अनेक क्यूबिटे परस्परांत गुंफली तर त्यांची अवस्था वेगवेगळी सांगताच येत नाही. हे कौतुक १९९४ पर्यंत तात्त्विकच होते. त्या वर्षी शोर यांनी दाखवून दिले, की असे यंत्र असल्यास मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याचे काम, जे साध्या संगणकास आवाक्याबाहेरचे वाटते, ते सुकर होईल. आधुनिक गुप्तलेखनाची एक प्रमुख पद्धती याच अवघडपणावर उभी असल्यामुळे विषयाला एकदम व्यावहारिक धार आली.

आणि तत्क्षणीच आक्षेपही आला. तो घेणाऱ्यांत रोल्फ लँडॉवर हे अग्रणी होते. माहिती पुसून टाकण्यास ऊर्जेचे किमान मोल द्यावेच लागते हा १९६१ सालचा सिद्धांत त्यांचाच. आयबीएमच्या संशोधनशाळेत राहून, ट्रांझिस्टरची जागा घेऊ पाहणाऱ्या अनेक उपकरणांच्या बढाया त्यांनी तपासल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे होते : साधा संगणक चालतो, कारण प्रत्येक टप्प्यावर संकेत पुन्हा निखळ शून्यावर किंवा निखळ एकावर आणून बसविला जातो. थोडासा ढळलेला संकेत पुढच्या टप्प्यात सरळ होतो. क्वांटम यंत्रात असे करता येणार नाही, कारण तेथे मधल्या अंशांतच सारा अर्थ साठविलेला असतो. म्हणून लहान लहान चुका साचत जातील. क्वांटम संगणनावरील प्रत्येक लेखास, यात गोंगाटाचा व निर्मितीतील दोषांचा पुरता विचार केलेला नसून हे यंत्र बहुधा चालणार नाही, अशा आशयाची तळटीप जोडावी, असे ते सुचवीत असत. विल्यम उनरूह यांनी १९९५ साली परिसराशी होणाऱ्या संपर्कामुळे कलासंबद्धता किती लवकर नष्ट होते याचे गणित मांडले. १९९६ साली सर्ज हरोश व जाँ-मिशेल रेमों या फ्रेंच प्रयोगकर्त्यांनी तर हे स्वप्न की दुःस्वप्न असा प्रश्न लेखाच्या शीर्षकातच विचारला. हे सारे लोक विषयाचे जाणकार होते. हरोश यांना पुढे २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि मौज अशी, की ते त्यांना डेव्हिड वाइनलँड यांच्यासमवेत विभागून मिळाले. वाइनलँड यांच्याच प्रयोगशाळेत १९९५ साली एका आयनावर पहिले क्वांटम द्वार सिद्ध झाले होते.

आक्षेपाला जोर होता, कारण शॅननपासून चालत आलेले उपाय येथे लागू पडत नव्हते. प्रती काढून ताडाव्यात, तर अज्ञात क्वांटम अवस्थेची प्रत काढताच येत नाही, हे वूटर्स व झुरेक आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी १९८२ सालीच सिद्ध केले होते. भांडारकर संस्थेचा मार्ग येथे निसर्गानेच बंद केलेला आहे. अवस्था पाहून तपासावी, तर पाहताक्षणीच ती मोडते. शिवाय चूक म्हणजे शून्याचा एक होणे एवढेच नव्हे. अवस्था कोणत्याही दिशेने कितीही अल्प अंशाने ढळू शकते, म्हणजे चुकांचे प्रकार अगणित.

या तिहेरी कोंडीतून १९९५ साली वाट काढली ती शोर यांनीच. ते तेव्हा बेल प्रयोगशाळेत होते, हा योगायोग इतिहासकाराने नोंदविण्याजोगा आहे. त्यांनी एका क्यूबिटातील आशय नऊ क्यूबिटांत पसरविला. ह्या नऊ प्रती नव्हेत. एकच आशय नऊ जणांच्या परस्परसंबंधांत गुंफला गेला आहे, कोणा एकाजवळ तो नाही. तपासताना 'तू शून्य की एक?' असे कोणत्याही क्यूबिटाला विचारावयाचे नाही. 'तुम्ही दोघे शेजारी सारखे की वेगळे?' एवढेच विचारावयाचे. या प्रश्नाच्या उत्तरातून चूक कळते, आशय कळत नाही. आणि आशय कळला नाही म्हणूनच तो मोडत नाही. वैद्याची उपमा येथे अक्षरशः खरी ठरली. अगणित प्रकारच्या चुकांचे काय? येथे क्वांटम सिद्धांताची जी गोष्ट शत्रू वाटत होती तीच मित्र झाली. तपासणीचे मापन होताच अल्पसे ढळणे एक तर पूर्णपणे नाहीसे होते, नाही तर पूर्ण चुकीत रूपांतर पावते. मधली अवस्था उरत नाही. म्हणजे लँडॉवर यांना हवा असलेला 'सरळ करण्याचा' टप्पा मिळाला, फक्त तो संकेताच्या ठिकाणी नसून चुकीच्या ठिकाणी आहे. १९९६ साली ऑक्सफर्डच्या अँड्र्यू स्टीन यांनी हेच काम सात क्यूबिटांत केले. त्यांची रचना हॅमिंग यांच्या १९५० सालच्या चार अधिक तीन या संकेतावरच उभारलेली होती.

यानंतर उरला तो फॉन नॉयमन यांचा प्रश्न. तपासणारे घटकही चुकणारच. १९९६ साली शोर यांनी चुकणाऱ्या साधनांनीच तपासणी कशी चालवावी हे दाखविले, आणि त्या व पुढच्या एक-दोन वर्षांत आहारोनोव्ह व बेन-ऑर, नील, लाफ्लाम व झुरेक, तसेच किताएव यांनी निरनिराळ्या मार्गांनी उंबरठ्याचा सिद्धांत सिद्ध केला. तो असा : प्रत्येक क्रियेतील चुकीचे प्रमाण एका ठरावीक उंबरठ्याच्या खाली असेल आणि चुका फारशा परस्परावलंबी नसतील, तर संकेत मोठा करीत गेल्यास कितीही लांबीचे क्वांटम गणित हव्या तितक्या खात्रीने पार पाडता येईल. उंबरठ्याच्या वर असाल तर संकेत मोठा करण्याने चुका वाढतीलच, कारण तपासणीतूनच नव्या चुका शिरतील.

लेखकाच्या मते या इतिहासातील निर्णायक क्षण हा होय. लँडॉवर यांचे खंडन झाले असे पुष्कळ ठिकाणी लिहिले जाते. ते बरोबर वाटत नाही. त्यांचे 'चालणार नाही' हे वाक्य 'चूक अमुक प्रमाणाहून अधिक असेल तर चालणार नाही' असे झाले. नकाराच्या जागी अंक आला. तत्त्ववेत्त्यांच्या वादाचे रूपांतर अभियंत्यांच्या हिशेबात होणे, हे विज्ञानाच्या इतिहासात क्वचित घडते, आणि येथे ते आक्षेप घेणाऱ्यांच्या नेमकेपणामुळे घडले. सिद्धांतातील 'फारशा परस्परावलंबी नसतील' हे शब्द मात्र वाचकाने विसरू नयेत. त्यांच्याकडे परत यावे लागणार आहे.

अंक प्रथम फार कठोर होता. आरंभीच्या अंदाजांनी दहा हजारांत एक, कधी दहा लाखांत एक, एवढीच चूक क्षम्य ठरविली. त्या वेळच्या प्रयोगशाळांत शेकड्यात कित्येक चुका होत. दोन्ही बाजूंनी हे अंतर कमी होत गेले. सिद्धांताच्या बाजूने किताएव यांच्या कल्पनेतून निघालेला पृष्ठ-संकेत पुढे आला. त्यात क्यूबिटे बुद्धिबळाच्या पटासारखी मांडलेली असून प्रत्येक तपासणी फक्त लगतच्या शेजाऱ्यांत होते. त्याचा उंबरठा सुमारे शेकडा एक एवढा उदार निघाला. प्रयोगाच्या बाजूचा वृत्तांत येथे त्रोटकच देतो. २००१ साली आयबीएममध्ये सात अणुकेंद्रकांच्या चुंबकीय अनुस्पंदनाने १५ या संख्येचे ३ व ५ हे अवयव पाडण्यात आले. त्याचा गाजावाजा झाला, परंतु त्या पद्धतीत क्यूबिटे वाढतील तसतसा संकेत झपाट्याने क्षीण होत असल्यामुळे ती वाट तेथेच संपली. अतिसंवाहक मंडलांची वाट अधिक लांबपर्यंत गेली. १९९९ साली जपानात नाकामुरा, पाश्किन व त्साई यांनी अशा मंडलातील क्यूबिटाचे नियंत्रण साधले तेव्हा त्याची कलासंबद्धता काही अब्जांश सेकंदच टिकत असे. २०१४ साली सांता बार्बरा येथे जॉन मार्टिनिस यांच्या गटाने पाच क्यूबिटांच्या रांगेत दोन क्यूबिटांवरील क्रियेची अचूकता ९९.४ टक्क्यांपर्यंत नेली, आणि यंत्र प्रथमच पृष्ठ-संकेताच्या उंबरठ्याशी येऊन उभे राहिले. मार्टिनिस, जॉन क्लार्क व मिशेल देव्होरे यांना २०२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र याहून जुन्या, १९८४-८५ सालच्या मूलभूत प्रयोगांसाठी.

२०१९ साली गूगलच्या त्रेपन्न क्यूबिटांच्या यंत्राने एक विशिष्ट गणित दोनशे सेकंदांत केले. त्याला मोठ्यात मोठ्या संगणकास दहा हजार वर्षे लागतील असा दावा होता, आणि आयबीएमने तो अडीच दिवसांवर आणला. हा वाद मनोरंजक असला तरी आपल्या विषयाशी त्याचा संबंध अल्प आहे, कारण त्या गणितात चूक दुरुस्त करण्याची व्यवस्थाच नव्हती. आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या तारखा दोनच. २०२३ च्या फेब्रुवारीत गूगलच्या गटाने सतरा क्यूबिटांचा लहान पृष्ठ-संकेत व एकोणपन्नासांचा मोठा संकेत यांची तुलना प्रसिद्ध केली. दर फेरीस लहानात ३.०२८ टक्के चूक होत होती, मोठ्यात २.९१४. फरक केसाएवढा, पण मोठा संकेत लहानापेक्षा बरा निघाला. २०२४ च्या डिसेंबरात त्याच गटाने सुधारलेल्या यंत्रावर एकशे एक क्यूबिटांच्या संकेताचा प्रयोग प्रसिद्ध केला. आता संकेताची एक पायरी वाढविली की चूक २.१४ पटींनी घटत होती, दर फेरीची चूक ०.१४३ टक्क्यांवर आली होती, आणि गुंफलेला आशय हा त्याच्या उत्तमोत्तम घटकाहून २.४ पट अधिक काळ टिकत होता. अविश्वसनीय घटकांतून अधिक विश्वसनीय समष्टी, हे फॉन नॉयमन यांचे १९५२ सालचे विधान क्वांटम स्मृतीच्या बाबतीत प्रत्यक्षात उतरले.

'स्मृतीच्या बाबतीत' हे शब्द जाणून योजले आहेत. आशय टिकवून धरणे व त्याच्याशी गणित करणे या भिन्न गोष्टी होत. ईस्टिन व नील यांनी २००९ साली दाखविले, की असा कोणताही एक संकेत नाही ज्यात सर्व आवश्यक क्रिया घटकशः, चूक पसरू न देता, करता येतील. एखादी तरी क्रिया आडवळणाने करावी लागते. ब्राव्ही व किताएव यांनी २००५ साली सुचविलेले आडवळण असे, की विशिष्ट सहायक अवस्था आधी गाळून गाळून शुद्ध कराव्यात व मग वापराव्यात. हे गाळणे खर्चाचे आहे. दुसरी अडचण तारांची. अतिसंवाहक क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या वर काही सहस्रांश अंशांवर ठेवावे लागते, आणि बाहेरच्या खोलीतील नियंत्रणसाधनांपासून त्याच्यापर्यंत तारा न्याव्या लागतात. क्यूबिटांबरोबर तारा वाढतात आणि तारांबरोबर उष्णता आत शिरते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बेल प्रयोगशाळेच्या जॅक मॉर्टन यांनी ट्रांझिस्टरांच्या जोडणीविषयी 'संख्येची जुलूमशाही' असा शब्दप्रयोग केला होता. तिच्यातून १९५८ साली जॅक किल्बी यांच्या संकलित मंडलाने सुटका केली. क्वांटम यंत्राला त्याचा किल्बी अद्याप लाभलेला नाही. संकेतच काटकसरीचा करावा असाही प्रयत्न चालू आहे. आयबीएमच्या गटाने २०२४ साली मांडलेल्या एका संकेतात बारा आशय-क्यूबिटे दोनशे अठ्ठ्याऐंशी क्यूबिटांत मावतात, जेथे तुल्य गुणाच्या पृष्ठ-संकेतास जवळजवळ तीन हजार लागतील. मात्र त्यासाठी दूरदूरच्या क्यूबिटांची जोडणी हवी, म्हणजे तारांचा प्रश्न पुन्हा दारात उभा.

येथे एका शब्दाविषयी भाषाशास्त्रज्ञाची तक्रार नोंदविणे आवश्यक वाटते. अनेक घटकांत गुंफलेल्या आशयाच्या एककास 'तार्किक क्यूबिट' म्हणतात, आणि अलीकडे या संज्ञेपुढे आकडे लावण्याची अहमहमिका लागली आहे. २०२३ च्या डिसेंबरात हार्वर्डच्या गटाने उदासीन अणूंच्या यंत्रावर अठ्ठेचाळीस तार्किक क्यूबिटांचे गणित केल्याचे प्रसिद्ध झाले. काम उत्तमच होते. परंतु त्या अठ्ठेचाळिसांसाठी वापरलेला संकेत चूक ओळखू शकतो, तिचे स्थान सांगू शकत नाही. चूक ओळखली की ती फेरी टाकून द्यावयाची. म्हणजे हॅमिंग यांचे सोमवारचे दुःख. उलट २०२४ सालच्या गूगलच्या प्रयोगात तार्किक क्यूबिट एकच होते, पण तेथे चूक दुरुस्त होत होती. 'पाठ अशुद्ध आहे' असे सांगणारा व शुद्ध पाठ देणारा, या दोघांस आपण एकच पदवी देत नाही. येथे दोघांनाही एकच संज्ञा लाभली आहे, आणि अठ्ठेचाळीस व एक यांची तुलना करणारी वृत्तपत्रे त्यामुळे बुचकळ्यात पडतात. विद्यार्थ्याने असा आकडा पाहताच तीन प्रश्न विचारावेत : चूक ओळखली जाते की दुरुस्त होते, दर फेरीस ती किती उरते, आणि संकेत वाढविल्यास घटते काय?

आता परस्परावलंबी चुकांकडे. उंबरठ्याचा सिद्धांत उभा आहे तो चुका विखुरलेल्या असतील या भरवशावर. विश्वकिरणाचा एखादा कण चकतीवर आदळला तर शेजारची अनेक क्यूबिटे एकदम बिघडतात. आणि शेजारीच साक्षीदार असलेल्या संकेतात सर्व शेजारी एकदम खोटे बोलू लागले तर लक्षणसमूह निरर्थक होतो. गूगलच्या २०२४ सालच्या यंत्रात, अतिशय लांब साध्या संकेतांची परीक्षा घेताना, सुमारे तासातून एकदा असा चुकांचा झोत आढळला आणि त्याने अचूकतेला तळ घातला. मिखाइल द्याकोनोव्ह यांनी २०१८ साली असंख्य चल राशींचे नियंत्रण अशक्य आहे असे प्रतिपादिले, व गिल कलाई हे गणितज्ञ गोंगाट मुळातच परस्परावलंबी असतो असे दीर्घकाळ म्हणत आले आहेत. त्यांचा निष्कर्ष पटो वा न पटो, लँडॉवर यांच्या गादीवर कोणी बसलेले असणे विषयाच्या हिताचे आहे.

संख्येचा हिशेब सिद्धांतानेही बदलत नेला आहे. २०४८ बिटांच्या संख्येचे अवयव पाडण्यास दोन कोटी क्यूबिटे व आठ तास पुरतील असे गिडनी व एकेरो यांनी २०१९ साली काढले. गिडनी यांनीच २०२५ च्या मे महिन्यात तो आकडा दहा लाखांच्या खाली आणला, वेळ मात्र आठवड्याच्या आतबाहेर न जाता आठवड्याच्या आत धरला. यंत्र तयार नसतानाही परिणाम सुरू झाला आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये, क्वांटम यंत्रालाही दाद देणार नाहीत अशा अपेक्षेने निवडलेल्या गुप्तलेखन-पद्धतींची पहिली तीन मानके प्रसिद्ध केली.

भारत सरकारने राष्ट्रीय क्वांटम अभियानास १९ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी दिली. त्याची तरतूद ६,००३.६५ कोटी रुपये, मुदत २०३०-३१ पर्यंत, व संगणकापुरते उद्दिष्ट आठ वर्षांत पन्नास ते एक हजार भौतिक क्यूबिटांच्या यंत्रांचे आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये संरक्षण संशोधन संघटनेची पुण्याची तरुण वैज्ञानिकांची प्रयोगशाळा व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी सहा अतिसंवाहक क्यूबिटांच्या प्रक्रियकाची आद्यंत चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. या आकड्यांचे वजन कसे करावयाचे, याचे साधन आता वाचकाजवळ आहे. दर पायरीस चूक २.१४ पटींनी घटते असे धरले, तर ०.१४३ टक्क्यांवरून दहा लाखांत एक एवढ्या चुकीपर्यंत उतरण्यास दहा पायऱ्या लागतात, आणि त्या संकेताच्या एकाच तार्किक क्यूबिटास १,४५७ भौतिक क्यूबिटे खर्ची पडतात. घटकाची चूक कमी करून दर पायरीस ती चौपट घटू लागली, तर सहाच पायऱ्या पुरतात व खर्च ७२१ वर येतो. म्हणून मुंबई-पुण्याच्या सहा क्यूबिटांविषयी विचारावयाचा प्रश्न 'सहाच का?' हा नसून, त्यांच्यातील दोघांवरच्या एका क्रियेत हजारांत किती चुका होतात, हा आहे.